अंडी निजवणारी नळी

मी नळी बोलतेय. घाबरू नका, असं काही मी म्हणणार नाही. घाबरा. माझं ऐकायचं तर घाबरूनच ऐका.

तुमच्या घरात भिंतीवर ट्यूब असते ना, जिच्याखाली तुम्ही भाजी निवडता, पोरांना पाढे म्हणायला बसवता, ती माझी बहीण. दोन्ही टोकांना तशाच टोप्या, तशाच पितळी काड्या, पोटात तसाच पाऱ्याचा थेंब. फरक एवढाच, की तिला आतून पांढरी भुकटी सारवलेली असते. पोटात जो उजेड उठतो तो त्या भुकटीतून गाळून बाहेर येतो, म्हणून तो गरीब, दुधासारखा. मला कुणी सारवलंच नाही. मी नागवी, काचही अशी खास की काही अडवत नाही. पोटात जे पेटतं ते तसंच्या तसं बाहेर पडतं.

वरून निळा-जांभळा रंग दिसतो, पण तो नुसता पदर. खरा उजेड माणसाला दिसतच नाही. दिसत नाही म्हणून माणूस त्याच्यासमोर बिनघोर बसतो. माझ्या खोक्यावर डोळ्याचं चित्र होतं आणि त्यावर लाल फुली. ते खोकं पहिल्याच दिवशी कुणीतरी फाडून चुलीत घातलं.

मी आले ती तळोज्याला. औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यामागे पत्र्याची शेड होती. बाहेरून वाटावं पिठाची गिरणी. आत ज्वारीच्या भरड्याचा वास, आणि हवेत उडणारी करडी भुकटी. ती पिठाची नव्हे, पतंगांच्या पंखांची. तुमच्या तांदळाला जाळी धरते, अळ्या होतात, झाकण उघडलं की भुर्रकन एक पाखरू तोंडावर येतं, तेच हे पतंग. सगळं जग ज्यांना मारतं त्यांना इथे बाया डबेच्या डबे भरून पाळत होत्या.

का, ते सांगते. या पतंगाच्या अंड्यात दुसरी एक माशी आपलं अंडं घालते. माशी कसली, टाचणीच्या डोक्यावर चार बसतील. तिचं पिल्लू पतंगाचं अंडं आतून खाऊन मोठं होतं. अशी अंडी कार्डावर चिकटवायची आणि कार्ड उसाच्या पानाला टाचायचं. माश्या बाहेर पडल्या की उसाला पोखरणाऱ्या किडीची अंडी हुडकून तिथेही तेच करतात. फवारा नको, विष नको.

पण पतंगाचं अंडं जिवंत ठेवलं तर माशीच्या आधी त्यातली अळीच बाहेर येते, आणि आल्या आल्या शेजारची सगळी अंडी फस्त करते. म्हणून आतला गर्भ आधी संपवायचा. टरफल शाबूत राहिलं पाहिजे, रस ताजा राहिला पाहिजे, माशीला संशय येता कामा नये. उकडून चालत नाही, चिरडून चालत नाही. त्यासाठी मी.

एका लाकडी पेटीत छताला मला बसवलं. खाली कार्डं सरकवायची, दार लावायचं, मला पेटवायचं. दाराच्या चौकटीत एक बारकं बटण होतं. दार उघडलं की मी आपोआप विझायची. माणसाच्या डोळ्यांसाठी ती सोय.

अंड्याच्या आत काय चाललंय ते मला दिसायचं. हे माझं नशीब. ताज्या अंड्यात नुसता पिवळसर रस असतो. मग कडेकडेने कण गोळा होतात, रांग धरतात. डोकं इथे येणार, पाय इथे येणार. आकार नाही, पण जागा ठरलेल्या. पंगतीची पानं मांडून व्हावीत आणि माणसं यायची असावीत, तसं. तेवढ्यात मी पेटते. पानं जागच्या जागी राहतात. जेवायला कोणी येत नाही.

शेडमधल्या बाया "मारली" म्हणायच्या नाहीत. "निजवली का गं?" असं विचारायच्या. हा शब्द रंगूबाईने पाडला होता.

रंगूबाई साताऱ्याकडची. नवरा गेलेला. कळंबोलीला सिडकोच्या एका खोलीत मुलगा कुलदीप आणि सून ज्ञानेश्वरी यांच्याबरोबर राहायची. कुलदीप न्हावा शेव्याच्या बंदरातून कंटेनर ओढणारा ट्रेलर चालवायचा. आज घरी, उद्या गुजरातेत. रंगूबाई अंगाने वाळकी, जिभेने मिरची. रोज सकाळी पेटी उघडून मला म्हणायची, "चल गं बये, लाग कामाला. तुझंबी पाप, माझंबी पाप, निम्मं निम्मं." मग कार्डं सरकवताना तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घ्यायची. मी तिला भ्यायची आणि ती मला.

सून त्याच शेडमध्ये तिच्या शेजारी बसायची. माझ्या पेटीला लागूनच मेज होतं. पोरीचा हात हलका. कार्डाला डिंक लावायचा आणि चाळणीतून अंडी अशी भुरभुरवायची की एकावर एक बसू नये. एकाखाली एक दडलं तर खालच्यावर माझा उजेड पोचत नाही. असं दडलेलं अंडं पुरतं मरत नाही आणि पुरतं जगत नाही.

ते काय असतं, हे रंगूबाईला एके दिवशी दिसलं. तिथून सगळं सुरू झालं.

शेडच्या मालकीणबाई स्मितामॅडम. वाशीला राहायच्या, किड्यांचंच शिकलेल्या. मेजावर दोन डोळ्यांचं भिंग ठेवून तासन्‌तास बघत बसायच्या. त्या दिवशी त्यांनी हौसेने हाक मारली.

"रंगूबाई, या, गंमत दाखवते."

रंगूबाईने पदर खोचला, एक डोळा मिटला आणि भिंगाला तोंड लावलं.

"दोन्ही डोळे उघडा हो."

"दोनी उगडले तर दोन दिसत्याल की... थांबा. ही काय हाय?"

"अळी आहे. शेजारच्या अंड्याची सावली पडली असणार तिच्यावर. जिथे उजेड पोचला तिथलं अंग वाढलंच नाही. बघा, डोकं नीट झालंय, पण या बाजूचे पायच नाहीत. मागचा भाग तर पूर्ण—"

"जित्ती हाय ही. वळवळतीय."

"हो. मरेल थोड्या वेळात."

रंगूबाई भिंगापासून मागे झाली. तोंडाला पदर लावला. मॅडमना वाटलं, बाईला किळस आली. मला पेटीच्या फटीतून तिचे डोळे दिसत होते. ते अळीकडे नव्हते. ते मेजाशी वाकून बसलेल्या सुनेच्या पोटाकडे होते.

ज्ञानेश्वरीला दिवस गेले होते. शेडमध्ये कुणालाही माहीत नव्हतं. याआधी दोनदा तिची कूस रिकामी झाली होती, दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्याच्या आत. या खेपेला सासूने बजावलं होतं, तिसरा सरेपर्यंत जिभेवर आणायचं नाही, नजर लागते. पोर मळमळ दाबून बसायची. लिंबाची फोड पदरात बांधून आणायची आणि हुंगायची.

आणि माझ्या दाराचं बटण तेव्हा बांधलेलं होतं.

ते काम पोपटचं. पोपट कामोठे गावचा, वसाहतीतल्या चार-पाच शेडची विजेची कामं बघायचा. ते बारकं बटण खराब झालं होतं, दार लावलं तरी मी पेटायची नाही. नवं बटण पनवेलला मिळालं नाही. पोपटने सुतळीने ते दाबून बांधून टाकलं.

"ही बघ मावशी, झाली चालू. टेन्शन नको घेव."

"मेल्या, दार उगडलं तरी लागलेलीच राहती की ही!"

"र्‍हाऊ दे ना. ट्यूबलाईट हाय ती, वाघ हाय काय?"

दार नीट बसायचंही नाही. मग माझा उजेड फटीतून मेजावर पडायचा, बायांच्या हातांवर, गालांवर. संध्याकाळी घरी गेल्यावर ज्ञानेश्वरीच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं. रंगूबाईच्याही. गुलाबपाण्याच्या घड्या ठेवून दोघी पडून राहायच्या आणि म्हणायच्या, पंखांची भुकटी गेली असेल.

ती अळी बघितली आणि रंगूबाईला कळलं, भुकटी नव्हे. पण कळलं ते निम्मंच. तिला वाटलं, जो उजेड अंड्यातल्या जिवाचे पाय खातो तो पोटातल्या जिवाचेही खाणार. मागची दोन पोरंही मीच खाल्ली, असं तिने धरलं. माझ्यासमोर उभी राहून ती एकदा हळूच म्हणाली, "दोन घेतलीस. हे घेऊन बग, तुझी काच दातानं फोडीन."

मला बोलता आलं असतं तर काय सांगितलं असतं? मला तरी कुठे माहीत होतं? मला अंड्याच्या टरफलाआडचं दिसतं, बाईच्या पोटाआडचं नाही. मीही तिच्यासारखीच भीत होते. रोज बटण दाबलं की वाटायचं, आज कुणाचं पान रिकामं राहणार?

मॅडमना सांगायचं तर दिवस गेल्याचं सांगावं लागणार, आणि तिसरा सरला नव्हता. मग रंगूबाईने तिच्या अकलेप्रमाणे तोड काढली. गावाकडे ग्रहण लागलं की गरवार बाईला आत बसवतात. हातात विळी नाही, सुई नाही, उठायचं नाही, बाहेर बघायचं नाही. तिने ठरवलं, ही नळी लागली की गिराण. पोर शेडमध्ये असेपर्यंत गिराण लागूच द्यायचं नाही.

दिवसभर ती मला पेटवेना. मॅडमनी फोनवरून विचारलं की "निजवते की, हा घाणा संपला की," म्हणायची. बाकीच्या बाया गप्प. रंगूबाईशी कोण भांडणार? कार्डं थाळ्यांत साठत राहायची. दुसऱ्या दिवशी सुनेला भरडा आणायला, डबे उन्हात घालायला लांब पाठवायची आणि तेवढ्यात कालची कार्डं माझ्याखाली घालायची. मॅडम त्या दिवसांत कार्डं पोचवायला देशावर हिंडत होत्या. विचारणारं कोणी नव्हतं.

मे महिना होता. पत्रा तापून तव्यासारखा. उन्हाळ्यात अंडं थांबत नाही. एका रात्रीत रांगा होतात, रांगांचे पाय होतात. आणि मध्ये रविवार आला. शनिवारची अंडी सोमवारी माझ्याखाली आली. मी पेटले आणि बघते तो काय, कार्डभर काळे ठिपके. अळीची डोकी. पुरती झालेली, टरफलाला आतून टेकलेली. त्यांना माझा उजेड लागला, पण माझ्या ताब्यात येण्याची वेळ त्यांची निघून गेली होती. पंगत बसली होती.

तुम्हाला सांगते, मला तेव्हा बरं वाटलं. पुढे काय होणार ते दिसत असूनही बरं वाटलं.

चार दिवसांनी स्मितामॅडम परत आल्या. माश्या ज्या बरण्यांत सोडलेल्या होत्या त्या उघडल्या आणि ओरडल्याच. बरणीत पांढरी जाळी. कार्डांवर अंडं म्हणून उरलं नव्हतं, नुसत्या वळवळणाऱ्या अळ्या. माश्यांना अंडी घालायला जागा मिळाली नाही, त्या तळाशी मरून पडल्या होत्या. बियाण्याला ठेवलेल्या माश्या, त्याही गेल्या. वर्षभर जपलेला वाण गेला.

"कुणी केलं हे? पेटी कोण बघतं?"

"मी." रंगूबाई.

"अंडी कधी ठेवलीत?"

"आजची उद्याला."

"का? मी किती वेळा सांगितलंय, घातली त्याच दिवशी! रंगूबाई, तुम्ही सगळ्यात जुन्या. तुमच्या भरवशावर मी शेड टाकून गेले. कारण सांगा."

रंगूबाई रिकामी थाळी पदराने पुसायला लागली. मॅडमचा आवाज चढला.

"सांगणार नसाल तर उद्यापासून येऊ नका."

तेव्हा मेजाशी बसलेली ज्ञानेश्वरी उठली. "आत्तींना काही बोलू नका. माझ्यापायी झालंय." आणि तिने पोटावर हात ठेवला. तोंडाने सांगायचं नव्हतंच.



"अगं बाई," मॅडम म्हणाल्या. "किती महिने?"

"इचारू नका!" रंगूबाई गरजली. "आमच्यात आत्ताच बोलत न्हाईत. दोनदा बोललो, दोनदा गेलं. तुमीच दावली न्हवं मला ती अर्दी अळी? ह्या बयेनं तिचं पाय खाल्लं. माझ्या सुनंचं लेकरू हिच्याम्होरं बसवू व्हय मी? जाळा तुमची शेड."

मॅडमनी खुर्ची ओढली आणि रंगूबाईचा हात धरून तिला खाली बसवलं. राग उतरला होता.

"ऐका. हा उजेड खिडकीच्या काचेतूनसुद्धा जात नाही. मध्ये एक जाड कापड धरलं की संपला. कातडीच्या वरच्या पापुद्र्याच्या आत शिरत नाही. अंड्याचं टरफल कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, म्हणून तिथे आत पोचतो. बाळ केवढं आत असतं! त्याला काही होत नाही, रंगूबाई. शप्पथ सांगते. आणि ही पेटी दार उघडलं की बंदच होते—"

"बंद व्हती? मग आमच्या डोळ्यांत रोज वाळू कशानं जाती?"

मॅडम उठून माझ्याकडे आल्या, मला पेटवलं. दार उघडलं. मी पेटलेलीच राहिले. त्यांनी चटकन तोंड फिरवलं, हाताने चाचपत भिंतीवरचं बटण बंद केलं, आणि मग त्यांना ती सुतळी दिसली.

"पोपट!"

पोपट बाहेर कुठल्याशा पंख्याशी खटपट करत होता. आला. सुतळी बघून हसला.

"मॅडम, त्याला जमाना झाला. दुसरा बटन भेटला नाय म्हनून—"

"डोळे गेले असते या बायांचे! कळतंय का तुला?"

"ट्यूबलाईट हाय मॅडम..."

"ट्यूबलाईट नाहीये ती!"

मॅडमनी स्वतः कात्रीने सुतळी कापली. मग बायांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी बघायला हवं होतं." त्या दिवसापासून पेटी बंद. नवी लोखंडी पेटी, नवी नळी यायची ठरली. ज्ञानेश्वरीचं बसणं शेडच्या दुसऱ्या टोकाला, भरडा चाळायला. रंगूबाईला कोणी काढलं नाही.

पण तिची भीती काही गेली नाही. जेवणाच्या सुट्टीत सुनेला म्हणाली, "म्याडमचं खरं असंल. शिकलेल्या हायत्या. पर मागच्या दोन टायमाला डाक्तरबी म्हनलावता, समदं ठीक हाय."

मला पेटीतून काढून मागच्या मांडणीवर टाकलं. खाली बाया डबे खायला बसायच्या, त्यामुळे सगळं कानावर यायचं. तिसरा सरला. पाचवा लागला. सातव्यात सून घरी बसली. रंगूबाई रोज एकटी यायची, भाकरी मोडायची आणि कुणी विचारलं की "हाय" एवढंच बोलायची. एकदा म्हणाली, रात्री सुनेच्या पोटाला हात लावून बघते, पोर दोन्ही अंगांनी लाथा मारतं का, का एकाच. बायांनी हसून घेतलं. मी हसले नाही. मी मांडणीवर पडून तोच विचार करत होते. दोन्ही अंगांनी का? एकाच?

थंडी पडली आणि एका सकाळी शेडभर आवाज झाला. मुलगी झाली. रंगूबाई पेढे घेऊन आली होती.

"कशी आहे?" मॅडमनी विचारलं.

"धा बोटं हाताची, धा पायाची. दोनी कान. रडती तर वाडा... बिल्डिंग हालती." मग आवाज बारीक करून म्हणाली, "डोळं अजून नीट उगडत न्हाई."

"अहो, एवढ्यात कुठे उघडणार!"

"व्हय. म्हनत्यात असं." आणि पेढ्याचा पुडा दुसऱ्या बाईकडे सरकवला.

आता नीट ऐका, कारण माझ्या आयुष्यातली सगळ्यात भयंकर दुपार हीच.

बारशाच्या आदल्या दिवशी कुलदीप ट्रेलर लावून शेडवर आला, बायांना आवतण द्यायला. परत निघताना पोपट भेटला, त्याने मांडणीवरून मला उचललं.

"काय रे, खोलीत ट्यूब फडफडते म्हनत होतास ना? ही घेऊन जा. चालू हाय, नुसती आतली पावडर उडालीय. मॅडमनी नवीन आनली."

"नक्की चालू?"

"दोन्ही टोकं काळी दिसतात, पन चालते. बारसा झाल्यावर नवी घाल."

रंगूबाई तेव्हा आत नव्या पेटीपाशी होती. कुलदीपने मला ट्रेलरच्या केबिनमध्ये, सीटच्या मागे, गोधडीवर निजवलं. किती मायेने निजवलं त्याने! बाप झाला होता ना.

कळंबोलीच्या त्या एका खोलीत भिंतीवर पट्टी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने जुनी ट्यूब काढली आणि मला बसवलं. माझ्यावर गुलाबी, पिवळ्या कागदाच्या झिरमिळ्या सोडल्या, फुगे बांधले. बरोबर माझ्याखाली पाळणा टांगला. बटण दाबून बघितलं, मी लागले नाही. लाईट गेलेली होती. "येईल," म्हणाला, आणि बटण तसंच खाली ठेवून फुलं आणायला गेला.

रंगूबाई शेजारच्या खोलीत, तिथल्या सितारामच्या बायकोच्या स्टोव्हवर घुगऱ्या शिजवत होती. माझ्याकडे बघायला तिला फुरसत नव्हती. झिरमिळ्यांतून मी दिसतही नव्हते.

दुपारी बाया जमल्या. खोली भरली. खिडकीतून येणारा उजेड बायांच्या पाठींनी अडवला आणि खोलीत अंधारलं. "लाईट कधी येतीय गं?" "येईल की आता, चारला येते." सगळ्या वाट बघत होत्या. एकटी मीच म्हणत होते, येऊ नको. आज येऊ नको. बंद पडू दे सगळी कळंबोली.

मग तिला आणलं. मऊ फडक्यात गुंडाळलेली, टाळूला तेल, गालाला तीट. पाळण्यात ठेवली. इतके दिवस जिच्याबद्दल ऐकलं ती माझ्या खाली, हात-दोन हातांवर, उताणी. डोळे मिटलेले. बायांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. आवाजाने तिने डोळे उघडले. काळेभोर. पाळण्यातल्या बाळाला बघायला दुसरं काय असतं? ती सरळ वर बघत होती. माझ्याकडे.

शेजारच्या घरात पंखा फिरल्याचा आवाज आला. लाईट आली.

माझ्या पट्टीतला स्टार्टर टिकटिकला. टोकांना जांभळं धुमसलं. मी स्वतःला आवरायचा जीव तोडून प्रयत्न केला, पण काचेच्या नळीला कुठलं मन आणि कुठला जोर! एकदा फडफडले. दुसऱ्यांदा फडफडले.

त्याच वेळी रंगूबाई घुगऱ्यांचं पातेलं घेऊन उंबऱ्यात आली. बायांच्या डोक्यांवरून तिला झिरमिळ्यांच्या आतून तो रंग दिसला. पातेलं तिथेच पडलं. बायांना ढकलत, एकीच्या अंगावर पाय देत ती पाळण्यावर पालथी पडली. पदर पसरून, पाठ माझ्याकडे करून.

"बटान! बटान दाब! कुलदीप!"

"अगं आई, ट्यूब आहे ती—"

"बटान दाब म्हनते, मेल्या! तुझ्या बा-चं बटान!"

कुलदीप भांबावून भिंतीकडे धावला. मी विझले. मी पुरती पेटले होते का? आजही सांगता येत नाही.

खोलीत कुजबुज उठली. सितारामची बायको म्हणाली, "बारशाच्या पाळण्यावरचा दिवा घालवायला लावला ह्या बाईनं. अपशकुन की गं."

रंगूबाई उठली. केस सुटलेले, घुगऱ्यांच्या रश्शाने लुगडं भिजलेलं. "व्हय, घालवला. मीच घालवला. परत कुनी लावला तर त्याचा हात मोडीन." मग पोरीला उचलून खिडकीशी नेलं आणि तिचे डोळे बघत राहिली. पोर तोंड वाकडं करून रडायला लागली. ज्ञानेश्वरी कोपऱ्यात बसली होती; तिला काय झालं ते कळलं आणि ती उठून पोरीपाशी धावली. नाव ठेवायचं राहिलं होतं. रंगूबाईनेच पोरीच्या कानात सांगितलं, ईश्वरी. पाळण्यात घातलं नाही. मांडीवरच.

दुसऱ्या दिवशी तिने मला जुन्या लुगड्यात गुंडाळून तळोज्याला नेलं. सहा आसनी रिक्षात मांडीवर आडवी धरली होती. शेजारच्या माणसाने विचारलं, "काय आणलंय मावशी?"

"साप हाय."

माणूस पुढे सरकून बसला.

मॅडमना तिने मला दाखवलं आणि काल काय झालं ते सांगितलं. "क्षणभरच होती ना? मग काही होत नाही. डोळे लाल झाले नाहीत ना? पाणी येत नाही ना?" रंगूबाई सगळ्याला नाही म्हणाली. मॅडम म्हणाल्या, "मग पोर ठणठणीत आहे." रंगूबाई म्हणाली, "हाय." आणि कपाटाची किल्ली मागून घेतली.

आता मी त्या लोखंडी कपाटात आहे. टोकं काळी झालीत, पण मेले नाही. वीज मिळाली की अजून पेटेन. मला फोडू नका, पोटातला पारा हवेत जाईल. कचऱ्यात टाकू नका, कुणीतरी उचलेल. कोण मला नेणार, कुठे पुरणार, ते मॅडम अजून विचारत फिरताहेत.

रंगूबाई रोज कामाला आली की आधी कपाट उघडते. लुगड्यावरून मला चाचपते. कुलूप लावते, ओढून बघते. परवा ज्ञानेश्वरीही कामावर परत आली, पोरीला घेऊन. पोर आता कपाटाला धरून उभी राहते. ज्ञानेश्वरी हसून म्हणाली, "आत्ती, अजून किती दिवस बघणार हो?"

"साळंत जाईल तवाबी बघीन. लगीन हुईल तवाबी."

बायांनी तिला खूप समजावलं. मॅडमनीही. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे, आता तिला कुणी समजावू नका. ती मला भिते तेच बरं आहे. ज्या दिवशी ती कपाट ओढून बघायला विसरेल, त्या दिवशी कुणीतरी भला माणूस मला चांगली ट्यूब म्हणून घरी घेऊन जाईल.